आइखमनचा खटला आणि पेणकर-रोहेकर : पंधरा दिवसांच्या परदेशी अभ्यासक्रमात काय सुटतं?

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्याय हा विषय युरोपात नेऊन दोन-तीन आठवड्यांत शिकवणारे अभ्यासक्रम आता बरेच निघालेत. पेण, रोहा, अलिबागकडची लॉ करणारी मुलं मला विचारतात, ताई, जाऊ का? पैसे वसूल होतात का? असा एक अभ्यासक्रम मी केलाय. कुठला ते सांगत नाही, कारण बहुतेकांचा साचा एकच असतो आणि माझी टीका त्या साच्यावर आहे.

साचा असा. पहिल्या दिवशी न्यूरेंबर्ग. मग तोक्यो, तिथे न्या. राधाबिनोद पाल यांचं भिन्नमत आलं की सगळा वर्ग भारतीय विद्यार्थ्याकडे वळून बघतो. मग १९६१ चा आइखमन खटला, युगोस्लाव्हिया आणि रवांडाची न्यायाधिकरणं, १९९८ चा रोम करार. शेवटी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची भेट, एक मूट कोर्ट, प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो.

यात चांगलंही आहे. काचेपलीकडे चाललेली सुनावणी हेडफोन लावून ऐकली की साक्ष किती संथ पुढे सरकते, भाषांतरात किती वेळ जातो ते कळतं. निकालपत्र वाचून ते कळत नाही. शिवाय रोममध्ये १२० देशांनी बाजूने मत दिलं, ७ देशांनी विरोधात, आणि तटस्थ राहिलेल्या २१ देशांत भारत होता. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार, अण्वस्त्रांचा वापर आणि दहशतवाद यांना करारात न मिळालेली जागा, ही आपली कारणं परक्या वर्गात उभं राहून सांगावी लागली की विषय आपोआप पक्का होतो.

आता मुख्य मुद्दा. आइखमनला या साच्यात साधारण दीड तास मिळतो. मे १९६० मध्ये इस्रायली हेरांनी त्याला ब्युनोस आयर्समधून पळवून आणलं. एप्रिल १९६१ मध्ये जेरुसलेमला खटला सुरू झाला, डिसेंबरमध्ये फाशीची शिक्षा झाली आणि ३१ मे १९६२ च्या मध्यरात्रीच्या सुमारास ती अमलात आली. वर्गात चर्चा होते ती एका प्रश्नावर : गुन्हे घडले तेव्हा इस्रायल हे राष्ट्रच नव्हतं, मग त्याला खटला चालवायचा अधिकार कुठून आला? न्यायालयाने दोन आधार दिले. एक, हे गुन्हे साऱ्या मानवजातीविरुद्धचे आहेत, म्हणून कुठलाही देश ते चालवू शकतो. दुसरा, इस्रायल राष्ट्र आणि ज्यू जनता यांच्यातलं खास नातं.

पहिल्या आधारावर वर्गात तासभर बोलणं होतं. दुसऱ्यावरून पाच मिनिटांत पुढे जातात. पण खरा प्रश्न तिथेच आहे. ज्यू जनता म्हणजे कोण, आणि ते ठरवणार कोण? त्याच काळात, त्याच जेरुसलेममध्ये हा प्रश्न प्रत्यक्ष विचारला जात होता. ज्यांच्याबद्दल विचारला जात होता त्यांची आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर अशी होती.

हे बेने इस्रायल. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. पेणमध्ये त्यांचं सिनेगॉग आहे. १९४८ नंतर ही मराठी बोलणारी माणसं हजारोंनी इस्रायलला गेली. तिथे ज्यूंचं लग्न धर्मपीठाच्या हाती असतं, आणि धर्मपीठाने शंका काढली : इतकी शतकं एकटे राहिलेल्या या लोकांची लग्नं आणि घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते का? १९६२ च्या आदेशाप्रमाणे बेने इस्रायल व्यक्तीचं दुसऱ्या ज्यू समाजात लग्न लावण्याआधी आईकडच्या पिढ्या शक्य तितक्या मागेपर्यंत तपासायच्या होत्या. आता रोह्याच्या घाण्यावर राहणाऱ्या पणजीच्या लग्नाचा कागद कुठून आणायचा? लोकांनी आंदोलन केलं. १९६४ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचं म्हटलं, आणि धर्मपीठाने आदेशातून त्यांचं नाव काढलं.

गैरसमज नको. नाझी कायद्यांनीही आजी-आजोबा मोजले होते, पण ते पुढे माणसं मारण्यासाठी. इथे अडलं ते लग्न, आणि आंदोलनानंतर ते सुटलंही. दोन्ही एका मापात घालणं चूकच. पण म्हणून हा फक्त धार्मिक कायद्याचा प्रश्न आहे, असं म्हणून सुटका होत नाही. ज्या जनतेच्या नात्यावर न्यायालय आपला अधिकार उभा करतं, तिच्यातल्याच काहींना त्याच वेळी दाराशी थांबवून कागद मागितले जात असतील, तर तो खटल्याच्या अभ्यासाचाच भाग आहे.

आणि धागा वाचनयादीतच होता. हॅना आरेन्टचं आइखमनवरचं पुस्तक सगळेच लावतात. त्याच्या पहिल्याच प्रकरणात तिने इस्रायलच्या विवाहकायद्यावर बोट ठेवलंय. वर्गात मात्र त्या पुस्तकातला दुष्टपणाच्या सामान्यपणाचा मुद्दा तेवढा उचलला जातो.

हा प्रश्न जुना झालाय असंही नाही. हेगच्या न्यायालयात पीडितांना भाग घेता येतो, पण आधी ओळख पटवावी लागते. लुबांगा खटल्यात, म्हणजे तिथल्या पहिल्याच खटल्यात, कुठले कागद चालतील हे न्यायालयाला ठरवावं लागलं, कारण काँगोतल्या अनेकांकडे सरकारी ओळखपत्र नव्हतं. न्याय कुणाच्या नावाने, आणि त्या नावात कोण मोडतं? माझं संशोधन याच प्रश्नाभोवती आहे. छोटा अभ्यासक्रम मात्र सगळं गॅलरीतून, न्यायाधीशांकडे तोंड करून दाखवतो. दाराबाहेर कागद घेऊन उभा असलेला माणूस त्यात दिसत नाही.

मग जाऊ का? शिष्यवृत्ती मिळत असेल तर जरूर जा. कर्ज काढून जाऊ नका. आइखमन खटल्याचं चित्रीकरण आणि निकालपत्र, दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतं. जाणार असाल तर आधी पेणचं सिनेगॉग बघून या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना तिथल्या घरांबद्दल विचारा. मग वर्गात आइखमनचा दिवस आला की हात वर करा आणि दुसऱ्या आधाराबद्दल विचारा. उत्तर काय मिळालं ते मला नक्की कळवा.