राग हे काही माप नव्हे

१८ एप्रिल २०११. रत्नागिरी जिल्ह्यातल्या साखरी नाटे गावात जैतापूर अणुप्रकल्पाच्या विरोधात लोक रस्त्यावर आले, नाटे पोलीस ठाण्यासमोर जमले आणि पोलिसांच्या गोळीबारात गावातला एक तरुण गेला. जमावानं ठाण्यावर हल्ला केला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. त्यानंतर तीन महिन्यांनी, २२ जुलैला, रोहित शेट्टीचा ‘सिंघम’ थिएटरात लागला.

दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण मी जयगडचा. नाटे आमच्यापासून दक्षिणेला, याच किनाऱ्यावर. आमच्याकडेही खाडी आहे, होड्या आहेत, मोठे प्रकल्प आहेत आणि पोलीस ठाणंही आहे. तरी ‘पोलीस’ म्हटलं की माझ्या पिढीला आधी बाजीराव सिंघम आठवतो, नाटे आठवत नाही. म्हणून हा सिनेमा नीट बघायला हवा.

‘सिंघम’नं एक मराठी क्रियापद देशभर पोचवलं: सटकणे. नायकाची सटकते आणि मग हात उठतो. किती उठावा, कुठे थांबावा, हे सिनेमा विचारतच नाही. माणूस सच्चा असला की त्याचा राग सच्चा, आणि राग सच्चा म्हणून मारही बरोबर. शेवटी अख्खं पोलीस खातं मिळून जयकांत शिक्रेला संपवतं आणि आपण शिट्ट्या मारतो. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एका भाषणात नेमक्या याच शेवटावर बोट ठेवलं होतं. असा न्याय पडद्यावर झटपट मिळतो, पण कायद्याची रीत म्हणजे अडथळा, हा त्यातून जाणारा संदेश घातक आहे, असा त्यांचा रोख होता.

कायद्याला राग कळत नाही, पायऱ्या कळतात. बेकायदा जमावाला आधी पांगण्याचा हुकूम द्यायचा, तो मानला नाही, किंवा पांगायचं नाही हे जमावानं वागण्यातूनच दाखवलं, तर बळ वापरायचं. २०११ साली हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ मध्ये होतं. आज ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे. हा हुकूम द्यायचा अधिकार फौजदाराच्या हुद्द्यापर्यंत खाली येतो. पुढचं कलम आणखी बोलकं आहे. जमाव पांगवायला लष्कर बोलावलं, तर त्यानं कमीत कमी बळ वापरावं आणि कमीत कमी इजा करावी, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. पोलिसांच्या कलमात ही अट इतक्या उघड शब्दांत नाही. त्यांच्यासाठी ती नियमावलीतून, कवायतीतून आणि न्यायालयांच्या निकालांतून येते. म्हणजे ती शिकवावी लागते. शिकवलीच नाही, तर उरतो तो राग.

हे ज्याला कळलं होतं, तो सिनेमा ‘सिंघम’च्या २८ वर्षं आधीचा आहे: गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’, १९८३. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. फौजदार अनंत वेलणकरही चिडतो, तोही हात उगारतो. पण निहलानी या रागाचा माग काढतात. बाप हवालदार, घरात आईला मारणारा. पोरालाही त्यानंच पोलिसात ढकललेलं. बळ म्हणजे काय, हे वेलणकर पहिल्यांदा शिकला ते घरात. पुढे त्याच्या कामगिरीचं श्रेय दुसऱ्याला जातं, आणि हा अपमान कोठडीतल्या एका भुरट्या चोराच्या अंगावर निघतो. चोर मरतो. मार खाणाऱ्याच्या गुन्ह्याशी त्या माराचा काही संबंध नसतो, हे या प्रसंगाइतकं स्पष्ट मी दुसऱ्या कुठल्या पोलीसपटात पाहिलेलं नाही. ओम पुरींचा चेहरा तिथे शूर दिसत नाही, घाबरलेला दिसतो.

‘अर्धसत्य’ही निर्दोष नाही. शेवटी वेलणकर रामा शेट्टीचा गळा आवळतो, आणि इथेही प्रेक्षकाला सुटल्यासारखं वाटतं. पण तो त्यानंतर ठाण्यात जाऊन स्वतःला हवाली करतो. मारणारा पोलीसही कायद्यापुढे उभा राहतो, एवढं भान सिनेमाला आहे. ‘सिंघम’मध्ये ते गळून पडलं.

पडद्याबाहेर काय चाललंय? २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात चकमकींसाठी १६ मार्गदर्शक सूचना दिल्या: गुन्हा नोंदवा, स्वतंत्र तपास करा, दंडाधिकारी चौकशी करा. त्याला बरोबर १० वर्षं झाली त्या दिवशी, २३ सप्टेंबर २०२४ ला, बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्यानं पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडावी लागली, असं पोलिसांनी सांगितलं. उच्च न्यायालयानं विचारलं, गोळी डोक्यातच का? हातापायावर का नाही? जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालानं पाच पोलिसांना जबाबदार धरलं. त्याआधीच रस्त्यावर पेढे वाटून झाले होते. आरोप भयंकर होता, लोकांचा संताप खरा होता. पण त्या चिमुकल्यांच्या बाजूनं जो खटला उभा राहायचा, तो त्या आरोपीपुरता तिथेच संपला. सटकणाऱ्या नायकाच्या सिनेमात हा तोटा कधी दिसत नाही.

न्यायालयाचा प्रश्न खरं तर प्रशिक्षणाचा होता. हातात शस्त्र असताना धोका किती, तो कधी संपला, आणि तो संपला की आपणही थांबायचं, हे अंगवळणी पडावं लागतं. पण सरावात तेच ते पुन्हा पुन्हा करावं लागतं, आणि त्यावर शिट्ट्या पडत नाहीत. म्हणून सिनेमा ते दाखवत नाही, आणि आपण मागतही नाही.

पुढचा पोलीसपट मोबाईलवर बघाल तेव्हा एकच गोष्ट बघा. समोरचा माणूस खाली पडला, हात जोडले, आता त्याच्यापासून कुणालाही धोका नाही. त्यानंतर किती फटके पडतात, ते मोजा. तिथपर्यंतचा मार कदाचित कायद्यात बसेल. त्यापुढचा प्रत्येक फटका गुन्हा आहे, आणि मागे वाजणारं संगीत तो लपवायला आहे.