धमनीच्या सावल्या वाचताना

काळ्या पडद्यावर सोनेरी वर्तुळ उमटतं. हृदयाच्या धमनीचा, तिच्या आतूनच टिपलेला हा आडवा छेद. ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफीचा, म्हणजे ओसीटीचा. निरोगी भिंतीचे तीन पदर उजळ, गडद, पुन्हा उजळ असे दिसतात आणि ती आखणी पाहतच राहावीशी वाटते. तरी या चित्राची खरी गोडी त्याच्या अंधारात आहे.

कॅल्शियम काळपट, चरबीही काळपट. ओळखायचं ते कडेवरून. कॅल्शियमचा डाग रेखीव असतो. प्रकाश त्यातून पार जातो, म्हणून त्याची जाडी मोजता येते. चरबीची कड मात्र विरत जाते आणि तिच्यामागचं काहीच दिसत नाही. तांबड्या पेशींची गुठळी दाट सावली टाकते, पांढरी गुठळी फारशी टाकत नाही. चरबीवरचा पापुद्रा ६५ मायक्रॉनहून पातळ असेल, तर तो फाटण्याची भीती मोठी. अँजिओग्राफीत दिसते नुसती पोकळी, अल्ट्रासाउंडची बारकाई शंभरेक मायक्रॉनवर थांबते. अवरक्त प्रकाशाचं हे तंत्र १० ते २० मायक्रॉनपर्यंत उतरतं.

त्याची किंमतही आहे. रक्त प्रकाश अडवतं, म्हणून क्षणभर डाय सोडून ते बाजूला सारावं लागतं आणि तेवढ्या मोजक्या सेकंदांत सगळं टिपावं लागतं. मूत्रपिंडं कमजोर असलेल्याला हा जादा डाय जड जाऊ शकतो. शिवाय खोली जेमतेम एक-दोन मिलिमीटर.

१९९१ मध्ये हुआंग, स्वानसन, फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये हे तंत्र मांडलं, तेव्हा डोळ्याच्या पडद्याबरोबर धमनीचाही छेद दाखवला होता. डोळ्यांच्या दवाखान्यांत ते लवकर रुळलं, हृदयापर्यंत पोचायला वेळ लागला.

मला सर्वांत आवडते ती उपचारातली चौकट. कॅल्शियमने अर्ध्याहून अधिक परीघ व्यापलाय, जाडी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त. इथे स्टेंट नीट फुलणार नाही, हे आधीच कळतं. मग कॅल्शियम फोडणारा लिथोट्रिप्सीचा फुगा, आणि दुसऱ्या चित्रात त्या कठीण कड्यात बारीक तडे! स्टेंट बसवल्यावर त्याची प्रत्येक तार चमकते, मागे काळी पट्टी सोडते. भिंतीला न टेकलेली तार लगेच उघडी पडते.

२०२३ मध्ये जाहीर झालेल्या 'ऑक्टोबर' चाचणीत दुभागणाऱ्या धमन्यांवर उपचार झालेल्यांपैकी दोन वर्षांत गंभीर त्रास झाला तो अँजिओग्राफीच्या गटात १४.१ टक्क्यांना, ओसीटीच्या गटात १०.१ टक्क्यांना. २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी अशा गुंतागुंतीच्या अडथळ्यांसाठी धमनीच्या आतून चित्रण करण्याची, मग ते ओसीटीने असो वा अल्ट्रासाउंडने, सर्वोच्च श्रेणीची शिफारस केली आहे.