कोंडलेले मूल आणि 'देवेंद्र कुरवंजी'

तंजावरच्या मराठी नाटकांविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले, त्याचा बराचसा भाग 'पहिले मराठी नाटक कोणते' या वादात खर्ची पडला. दुसऱ्या सरफोजीराजांचे 'देवेंद्र कुरवंजी' त्या वादात कोणाच्याच उपयोगाचे नव्हते. त्यामुळे नाटकाचा पोशाख चढवलेला भूगोल, अशी त्याची बोळवण झाली. या कृतीत काव्य बेताचेच आहे, हे मी मान्य करतो. नगरांच्या आणि समुद्रांच्या याद्या पदात बसवताना कवीची दमछाक झालेली जागोजाग दिसते. तरीही या नाटकाने एक प्रश्न उभा केला आहे, आणि तो जुना झालेला नाही. ज्याला घराबाहेर पडू दिले जात नाही, त्याला जग कोणी दाखवावे? आणि जग दाखविणे म्हणजे जगात सोडणे होय काय?

कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. 'कुरवंजी' म्हणजे कुरवर जमातीतील स्त्री, हात पाहून भविष्य सांगत गावोगाव हिंडणारी. मराठीत तिला 'कुडमुडी' म्हणावे तर तो पुरुष जोशी होतो, आणि 'कैकाडीण' म्हणावे तर जातच बदलते; भाषांतरकाराने अशा वेळी मूळ शब्दच ठेवावा, तसा सरफोजींनी तो ठेवला. या प्रकाराचा साचा ठरलेला आहे. नायिका विरहाने व्याकुळ, सख्यांच्या वेढ्यात घरी बसलेली. आणि बाहेरून येते ती कुरवंजी, जिला कोणी अडवीत नाही. ती आपला डोंगर वर्णन करते, पाहिलेली क्षेत्रे सांगते, मग हात पाहते. सरफोजींनी या ठरलेल्या जागेत केवळ एक फेरफार केला. डोंगर आणि क्षेत्रे यांच्या जागी त्यांनी युरोपीय भूगोलविद्येला अनुसरून पृथ्वीची खंडे, देश आणि नगरे घातली. साचा तोच राहिला, पण बाईची पायपीट आता साऱ्या भूगोलाला पुरून उरली.

हा फेरफार कोणी केला, हे पाहिले पाहिजे. सरफोजींचा जन्म 1777 चा. 1787 मध्ये तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी राजे वारले. गादी मिळाली अमरसिंगाला. दहा वर्षांचा दत्तक पुत्र राजवाड्यातच बंदिस्त झाला. त्याच्या शिक्षणाचीही हेळसांड झाली. तुळजाराजांनी ज्यांच्यावर मुलाचा भार टाकला होता, त्या मिशनरी श्वार्ट्झ यांच्या तक्रारींवरून अखेरीस कंपनी सरकारने लक्ष घातले, आणि 1793 मध्ये मुलाला मद्रासेस नेण्यात आले. तेथे विद्या पुष्कळ मिळाली. पण ते स्वातंत्र्य होते असे मी म्हणणार नाही. एका पहाऱ्यातून मूल दुसऱ्या, अधिक सुसंस्कृत पहाऱ्यात गेले. 1798 मध्ये राज्य मिळाले, आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने ते किल्ल्यापुरते उरले. राजवाड्यातली खोली, मद्रासेतला पाठ, तंजावरचा कोट: हा माणूस आयुष्यभर कोणाच्या तरी नजरेखाली होता.

नाटकातील श्रोती मूल नव्हे, प्रौढ नायिका आहे, हा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. कवीचे चरित्र कृतीवर लादण्याची आपल्या समीक्षेची खोड मलाही रुचत नाही. परंतु भूगोल सांगण्यासाठी या कवीपुढे पंडित होता, गुरू होता, देवलोकातला ऋषीही होता. त्याने निवडली ती हिंडणारी बाई. जग वाचलेल्याने नव्हे, तुडविलेल्याने सांगावे, ही जाणीव या निवडीत आहे. पुस्तके, नकाशे आणि उपकरणे यांनी आपला वाडा भरणाऱ्या राजाच्या लेखणीतून ती यावी, हे विशेष.

येथेच नाटकाची मर्यादाही आहे. कुरवंजी सारी पृथ्वी सांगून निघून जाते, आणि ऐकणारी जेथल्या तेथे राहते. रवींद्रनाथांच्या 'डाकघर' (1912) मधला अमल असाच वैद्याच्या आज्ञेने खिडकीत बसलेला आहे. पण दहीवाला येतो तेव्हा अमल नुसते ऐकून घेत नाही. दहीवाल्याचे गाव तो स्वतः रचू लागतो, त्याची आरोळी शिकू पाहतो. कोंडलेल्या मुलाचे मन तेथे स्वतःच्या पायांनी चालते. सरफोजींच्या नायिकेला ही मुभा नाही. तिला माहिती मिळते. तिसरे टोक साने गुरुजींचे. 'श्यामची आई'तील आई भित्र्या श्यामला मारून पोहायला पाठविते. त्या माराचे समर्थन आज करवणार नाही, पण पाण्याचे वर्णन ऐकवून पोहणे येत नाही, हे तिला ठाऊक होते. आजच्या घरांत मुलाच्या हाती सारे जग दाखविणारी काचेची पाटी असते आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटे जाण्याची मनाई असते. 'देवेंद्र कुरवंजी'ला विक्षिप्त म्हणून हसण्यापूर्वी आपण किती कुरवंज्या घरात ठेवल्या आहेत, हे मोजलेले बरे.

राजवाड्यात या प्रश्नाचा निकाल एकदा प्रत्यक्ष लागला. 1826 च्या मार्चअखेरीस बिशप हेबर तंजावरास आले. राजाच्या व्यासंगाने ते चकित झाले, आणि राजपुत्र शिवाजीस पुढच्या प्रवासात आपल्याबरोबर न्यावे, वाटेत त्याला शिकवावे, असे त्यांनी सुचविले. राजाची हरकत नव्हती. राणीने मुलाला सोडले नाही. तो अशक्त होता आणि तिला चैन पडले नसते. तिला हट्टी ठरविणे सोपे आहे. पण ज्या घराने आपला एक मुलगा परक्यांच्या ओंजळीत वाढताना पाहिला होता, त्या घरातली ती आई होती. शिवाय हेही जाणे एकट्याचे नव्हतेच. एका पालकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देण्याचा तो प्रस्ताव होता. हेबर तंजावराहून तिरुचिरापल्लीस गेले आणि 3 एप्रिल रोजी तेथेच वारले. शिवाजी वाड्यातच राहिला. 1832 मध्ये तो गादीवर आला, 1855 मध्ये पुत्राविना वारला, आणि कंपनीने राज्य खालसा केले.

कुरवंजीच्या साच्यात शेवटी कुरवंजीचा नवरा सिंगन तिला शोधीत येतो आणि कोठे गेली होतीस, हे दागिने कोणी दिले, असे खोदून विचारू लागतो. तमिळ प्रेक्षक या प्रवेशाला हसतात. नाटकभर ज्या एका व्यक्तीला कोणी अडविले नव्हते, तिचाही जबाब अखेर घेतला जातो, आणि ती दर दागिन्यामागे एक गाव सांगत उत्तरे देत राहते.