तीन वर्तुळे आणि १७९ अंश

बी.एड. दोन वर्षांचे झाले त्याला आता दशक उलटले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या आराखड्यात ‘माहिती तंत्रज्ञानाची चिकित्सक समज’ अशा अर्थाच्या नावाचा एक स्वतंत्र घटक आहे. मी पाहिलेल्या महाविद्यालयांत त्याला सगळे ‘आयसीटीची फाइल’ म्हणतात. ‘चिकित्सक’ हा शब्द वाटेत गळून पडला आहे. हे तंत्रज्ञान विषयापासून सुटे करून शिकवले जाते, हा माझा मुख्य आक्षेप.

मी स्वतः बी.एड. नाही, नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्र वाचत आलो. तरी एका सराव पाठाला मागच्या बाकावर बसायला मिळाले. सातवीचा वर्ग होता. छात्राध्यापिकेने प्रोजेक्टरवर जिओजेब्रा उघडले. शिरोबिंदू ओढला की त्रिकोण बदलतो, कोनांची मापे बदलतात, बेरीज मात्र १८० अंशच. मुले खूश. एका मुलीने पडद्यावरचे आकडे वहीत मांडले : ६०, ६० आणि ५९. “बाई, माझे १७९ येतात.” बाई म्हणाल्या, “कॉम्प्युटर कधी कधी चुकतो, पुढे बघा.” निरीक्षकांचा शेरा : ‘साधनाचा प्रभावी वापर’.

कॉम्प्युटर चुकला नव्हता. पडद्यावर मापे पूर्णांकात दिसत होती. ६०.४, ६०.३ आणि ५९.३ यांची बेरीज १८०च होते. पण प्रत्येक माप जवळच्या पूर्णांकात लिहिले की एक अंश हरवतो. त्या तासाचे सोने याच प्रश्नात होते. मोजणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे, हे तिथे सांगता आले असते. हजार त्रिकोण ओढून पाहिले तरी सिद्धता होत नाही. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली की ती दोन-चार ओळींत होते.

विषय येणे आणि तो शिकवता येणे यांच्यामध्ये एक वेगळेच ज्ञान असते, हे ली शुलमन यांनी १९८६मध्ये मांडले. मिशिगन स्टेट विद्यापीठातील पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६मध्ये त्याला तंत्रज्ञानाची जोड दिली. एकमेकांत गुंतलेल्या तीन वर्तुळांची ती आकृती आपल्या छात्राध्यापकांना पाठ असते, टीप लिहिण्यापुरती. त्या दोघांनी मात्र शिक्षकांना लघुपट करायला, ऑनलाइन अभ्यासक्रम रचायला लावले होते; अशा काही वर्षांच्या खटपटीतून ती मांडणी उभी राहिली. आपण खटपट वगळली आणि आकृती घेतली.

सिद्धान्तही निर्दोष नाही. मधल्या भागातले हे ज्ञान मोजायचे कसे? अनेक अभ्यासांत शिक्षकांकडूनच ‘मला जमते’ असे प्रश्नावलीत भरून घेतले आहे. आमची छात्राध्यापिकाही तिथे स्वतःला पैकीच्या पैकी देऊन मोकळी झाली असती. यात तिचा दोष कमी, तिला शिकवणाऱ्यांचा जास्त.

पाठ्यपुस्तकातला ‘दीक्षा’चा क्यूआर कोड स्कॅन करायला दहा मिनिटांत शिकता येते. उघडलेल्या चित्रफितीतले काय दाखवायचे, कुठे थांबवून प्रश्न विचारायचा, हे गणिताच्या किंवा भूगोलाच्या अध्यापन पद्धतीच्या तासालाच शिकवावे लागेल. आंतरवासितेचे २० आठवडे त्यासाठी हाताशी आहेत. पाठ टाचणात एक रकाना वाढवावा : हे साधन कुठे फसवू शकते? आणि निरीक्षकांनी शेरा लिहिण्यापूर्वी त्या मुलीची वही मागून घ्यावी.