कुणाचा ललित, कुठला, केव्हाचा?

केसरबाई केरकरांची भैरवी 1977मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, हे आता शास्त्रीय संगीत न ऐकणाऱ्यालाही पाठ असतं. साडेतीन मिनिटांची ती ध्वनिमुद्रिका कुणी ना कुणी सतत नव्याने शोधून काढतो, चार जणांना पाठवतो आणि सोबत अभिमानाचे दोन शब्द लिहितो. भैरवीबद्दल तक्रार असण्याचं कारणच नाही. तक्रार आहे ती तिच्यापाशीच थांबणाऱ्या कानांबद्दल. याच बाईंचा ललितागौरी, नट कामोद, गौड मल्हार तितक्याच सहज मिळतो. एका तबकडीच्या एका बाजूत अख्खा राग उभा करणारं, दमसास कुठेही न सोडणारं ते गाणं आहे. पण त्याला अंतराळयानाची शिफारस नाही, म्हणून ते कुणी कुणाला पाठवत नाही.

रसिकांच्या भेटीत ‘सध्या काय ऐकताय?’ हा प्रश्न हटकून येतो, आणि त्याला इतकी उत्तरं एका वेळी मिळावीत असा काळ मराठी श्रोत्यांनी कधी पाहिला नव्हता. एके काळी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी ऐकायची तर ग्रामोफोन असलेल्या घराशी ओळख लागे. मग रेडिओ आला, लाँग प्ले आली, कॅसेट आली. पुण्यात अलुरकर म्युझिक हाऊसने निवृत्तीबुवा सरनाईक, गजाननबुवा जोशी अशांचं गाणं घरोघरी नेलं. आता सगळंच खिशात आहे. ऐकणं वाढलं, देवाणघेवाण तर कैक पटींनी वाढली. त्या प्रमाणात ऐकण्याबद्दलचं बोलणं मात्र वाढलेलं नाही. ते आक्रसलं आहे.

या देवाणघेवाणीतले काही प्रकार चटकन बाजूला सारता येतात. लाँग प्लेच्या वेष्टणाचा फोटो दाखवणाऱ्यांचं प्रेम वेष्टणावर असतं. झोप लागण्यासाठी राग सुचवणाऱ्यांना संगीत नको असतं, झोप हवी असते. जुन्या गाण्याला कृत्रिम घुमारा चढवून ते ‘नव्या रूपात’ पाठवणाऱ्यांविषयी न लिहिलेलंच बरं.

गंभीर प्रश्न आहे तो खऱ्या दर्दींचा. त्यांच्यात खासगी मैफलींच्या ध्वनिमुद्रणांची मोठी मातबरी आहे. एखादा ललित हातोहात फिरू लागतो, पाऊण तासाचा, मोठ्या गवयाचा. तो सुरू होतो तोच विलंबित ख्यालाच्या मध्यावर. तबल्यावर कोण, माहीत नाही. पेटी कुणाची, माहीत नाही. गाव, साल, निमित्त, काहीच नाही. मूळ ध्वनिमुद्रण आकाशवाणीचं असेल तर निवेदकाने साथीदारांची नावं सांगितलेली असतात. नेमका तोच भाग कुणीतरी ‘गाणं नाही’ म्हणून कापून टाकलेला असतो. उत्तम साथ करणारी किती माणसं या एका सवयीमुळे निनावी झाली! ज्यांनी गाण्याच्या प्रेमापोटी हे ध्वनिमुद्रण जपलं, त्यांनीच ही कात्री चालवावी, याचा राग येतो.

वेगाकडेही असंच दुर्लक्ष होतं. जुन्या तबकड्यांना आपण सरसकट 78 फेऱ्यांच्या म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात त्या नेमक्या त्याच वेगाने कोरल्या जात असं नाही. कंपनीगणिक, वर्षागणिक फरक पडे. 74 फेऱ्यांवर कोरलेली तबकडी 78वर वाजवली की पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते आणि तीन मिनिटांतले नऊ सेकंद नाहीसे होतात. पांढरी सहामध्ये गाणारा गवई काळी पाचमध्ये जाऊन बसतो, त्याच्या ताना होत्या त्याहून चपळ वाटतात, आवाज होता त्याहून बारीक. मग त्या आवाजाच्या जातीवर, त्या घराण्याच्या स्वरलगावावर श्रोते तावातावाने मतं देत राहतात.

याहून घातक आहे तो सफाईचा सोस. खरखर काढण्याच्या नादात वरच्या पट्ट्यातला ध्वनी छाटला जातो, आणि तंबोऱ्याच्या जवारीतून उमटणारे सूक्ष्म स्वर तिथेच राहत असतात. तबल्याच्या चाटेची धारही तिथेच. सफाईनंतर गायक जणू कोरड्या खोलीत एकटा उभा राहतो. किराणा घराण्याचं गाणं तर तंबोऱ्याच्या पोटातून निघालेलं. त्याची अशी सफाई करणं म्हणजे त्याचा श्वासच काढून घेणं. खरखर सोसायला कानाला दहा मिनिटांत सवय होते. हरवलेला तंबोरा पुन्हा मिळत नाही.

या गर्दीत एक लहानसा प्रवाह आहे आणि आजच्या संगीतसमीक्षेची आशा त्याच्यावर आहे. ही माणसं ध्वनिमुद्रण पाठवताना त्याची ओळख पाठवतात: लेबल, क्रमांक, मुद्रणाचा काळ, साथीदार, मूळ प्रत कुणाकडची, कुठे कापलंय, वेग कशावरून ठरवला. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था 1990मध्ये मुंबईत सुरू झाली, तिने सभासदांच्या श्रवणबैठकींतून आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या अंकांतून ही शिस्त लावली. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आणि ग्रामोफोन कंपनीच्या आरंभीच्या भारतीय ध्वनिमुद्रणांच्या सूची तयार केल्या. सूची करणं हे कारकुनी काम आहे असं आपल्याकडे मानलं जातं. वस्तुतः तबकडीला स्वतःची ओळख सांगण्याची सवय पहिल्यापासून होती. 1902मध्ये कोलकात्यात गायलेल्या गौहरजान गाण्याच्या शेवटी आपलं नाव मोठ्याने सांगत, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं हाती आलंय ते कळायला हवं होतं.

अशी ओळख हाती असली की ऐकणंच बदलतं. केसरबाईंचा तीन मिनिटांचा ललितागौरी आणि मल्लिकार्जुन मन्सूरांचा पुढच्या काळातला ललितागौरी एका बैठकीत पाठोपाठ ऐकावा. या दोघांच्या गायकीचं मूळ असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांनी स्वतःचं गाणं मुद्रित होऊ दिलं नाही. त्यांची गायकी या दोन गळ्यांतून दोन वाटांनी कशी आली, हे तेव्हा कानाला दिसू लागतं. मन्सूरांच्याच 1930च्या दशकातल्या तबकड्या काढाव्यात: नीलकंठबुवांकडच्या ग्वाल्हेरच्या तालमीचा तो तरुण गळा आणि मंजी खाँ, भूर्जी खाँ यांच्याकडून घेतलेल्या विद्येनंतरचे मन्सूर, यांतलं अंतर कुठल्याही चरित्रापेक्षा स्पष्ट ऐकू येतं. अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली लाँग प्ले सगळेच एकमेकांना सुचवतात. तिच्या आधी अब्दुल वहीद खाँसाहेबांची रेडिओवरची, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलेली ध्वनिमुद्रणं सुचवणारा विरळा. त्या ध्वनिमुद्रणांतल्या संथ बढतीशिवाय अमीर खाँचा मारवा आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

इथे एका रूढ समजुतीशी भांडण अटळ आहे. ‘तीन मिनिटांत कसला ख्याल? खरं गाणं मैफलीत,’ असं म्हणत जाणकार मंडळी जुन्या तबकड्यांकडे कौतुकाच्या वस्तू म्हणून पाहतात. हे मत चुकीचं आहे. फैयाज खाँसाहेबांचा तबकडीवरचा ललित ऐकताना काहीतरी अपुरं राहिलं असं एकदाही वाटत नाही. नोम्-तोमची भारदस्त मांडणी, बंदिशीचा उठाव, सगळं जागच्या जागी आहे. त्या वेळेच्या बंधनात काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचा निर्णय गवयाने स्वतः घेतलेला आहे. भास्करबुवा बखल्यांसारख्यांचा एकही स्वर आपल्यासाठी उरलेला नाही हे ध्यानात घेतलं, तर जी तीन मिनिटं उरली ती कमी लेखण्याचा अधिकार कुणालाच पोहोचत नाही. उलट पाऊण तासाच्या कितीतरी ध्वनिमुद्रणांत गवयाचा आवाज लागलेला नसतो, श्रोते खोकत असतात, आणि तरी ‘मैफलीचं’ म्हणून त्यांची वाखाणणी होते. लांबी हा गुण नव्हे.

आणि दडवून ठेवणं हेही प्रेम नव्हे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ (2020) या मराठी चित्रपटात दुर्मिळ गाण्याच्या संग्रहाभोवती असलेला अहंकार थेटपणे पडद्यावर आला. तो अतिशयोक्त नाही. 1950-60च्या दशकांत दादर, गिरगाव, सदाशिव पेठ इथल्या घरगुती बैठकींत हौसेने स्पूल भरणारे रसिक होते, त्यांच्या फिती आज कपाटांत आहेत. ‘अमक्यांचा अमुक राग फक्त माझ्याकडे आहे’ या वाक्यात संग्राहकाला जे सुख मिळतं, त्याची किंमत फीत मोजते. जुन्या ॲसिटेटच्या फितींना व्हिनेगरसारखा वास येऊ लागला की त्या विघटित होत असतात, आकसतात, पिळवटतात. तेव्हा हातात थोडाच काळ असतो.

खासगी मैफलीचं ध्वनिमुद्रण कलावंताच्या परवानगीशिवाय वाटू नये, हा आक्षेप खरा आहे आणि हयात कलावंतांच्या बाबतीत तो पाळलाच पाहिजे. दिवंगतांच्या बाबतीत वारसांना विचारावं, त्यांना प्रत द्यावी, एखाद्या संग्रहालयात दुसरी ठेवावी. यातलं काहीच न करता नीतीचं कारण पुढे करून कपाट बंद ठेवणाऱ्यांचं म्हणणं मान्य करता येत नाही. प्रकाशित तबकड्यांच्या बाबतीत तर तेवढीही अडचण नाही. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो. म्हणजे 1964पर्यंत प्रकाशित झालेल्या तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणावर आज कुठल्याच कंपनीचा हा हक्क नाही. केसरबाई, वझेबुवा, फैयाज खाँ, हिराबाई बडोदेकर यांच्या ज्या तबकड्या संग्राहकांच्या फडताळांत आहेत, त्या योग्य वेगाने, खरखरीसकट, लेबलच्या फोटोसह आणि तबलजीच्या नावासह लोकांपुढे ठेवायला त्यांना आता कुणाची परवानगी हवी आहे?