माप डोक्याचं

आमच्या घराण्यात डोकी मोठी. आत काय आहे याची चौकशी कुणी करत नाही, पण बाहेरून घेर 62 सेंटिमीटर भरतो. फेट्याचे दिवस होते तोवर कुणाचं अडलं नाही. कापड डोक्याच्या कलानं घेतं. हेल्मेट मात्र डोक्यालाच आपल्या कलानं घ्यायला लावतं.

बारामतीत फुल फेस हेल्मेट मागावं, तर दुकानदार आधी डोक्याकडे बघतो, मग वरच्या फळीकडे. तिथलं 'एक्सएल' इंदापूरच्या 'एल'एवढंच निघतं. पुष्कळदा कवच तेच, आतला स्पंज तेवढा पातळ! "दोन दिवस वापरा साहेब, सैल होईल," हे अर्धसत्य. गालांचा स्पंज दबतो. त्यामागचा थर्माकोल दबत नाही, दबूही नये; तो आपटल्यावर चेपायचा असतो. तो कोरून जागा करणारे महाभाग जिवावर उदार झालेले.

बरं, नुसता घेर जुळूनही भागत नाही. एकाच घेरात नारळ बसतो नि पपईही. लांबट डोक्याला गोल हेल्मेट नेमकं कपाळावर रुततं. तेव्हा भुवयांच्या जरा वर टेप धरावी, दहा मिनिटं दुकानातच हेल्मेट घालून बसावं. गाल दाबले तर चालेल. कपाळ ठणकलं की परत.

1988च्या मोटार वाहन कायद्याचं 129वं कलम हेल्मेट घाला म्हणतं, 1 जून 2021पासून आयएसआय शिक्काही सक्तीचा झाला. मोठी मापं ठेवायची सक्ती मात्र कुठल्याच दुकानावर नाही. म्हणून तर इंदापूर रस्त्यानं कितीतरी हेल्मेटं पेट्रोलच्या टाकीवर बसून जाताना दिसतात. टाकीला बरोबर बसतात!