‘चिनी’ कपाटाची पाठ

कोराडीच्या आमच्या घरात एक काचेचे कपाट आहे. काळेभोर लाकूड, दारांच्या चौकटीवर वेलबुट्टी, माथ्यावर कोरलेले जनावर. वडिलांनी नागपुरातल्या एका जुन्या बंगल्याच्या लिलावात ते घेतले आणि तेव्हापासून ते ‘चिनी कपाट’ म्हणूनच ओळखले जाते. गेल्या वर्षी धाकट्या भावाने ते विकायला काढले. व्यापारी म्हणाला, “चिनी असल्याचे कुणा जाणकाराने लिहून दिले, तर दुप्पट देतो.” घरातला जाणकार मीच; तोही पुस्तके वाचून झालेला.

मग प्रश्न पडला, ‘चिनी’ म्हणजे नेमके काय?

चीनमध्ये शोभेच्या वस्तू मांडायच्या कपाटाला ‘दुओबाओगे’ म्हणतात. म्हणजे अनेक रत्नांचे कप्पे. अठराव्या शतकात, चिंग राजवटीत, त्याची चलती होती. कप्पे मुद्दाम लहानमोठे, फुलदाणीला उंच, जेडच्या डबीला बुटके. मानाचे लाकूड ‘झितान’. बहुतेक अभ्यासक त्याला रक्तचंदन मानतात. रक्तचंदन वाढते आंध्रातल्या पूर्व घाटात आणि ते आपल्या विदर्भातल्या बिज्याचे भाऊबंद. म्हणजे अस्सल चिनी कपाटाचे लाकूडही भारतातले असू शकते.

सामान उलट दिशेनेही आले. १७५७ ते १८४२ या काळात युरोपीय व्यापाऱ्यांना चीनचे कँटन हे एकच बंदर खुले होते. मुंबईचे पारशी व्यापारीही तिथे जात. जमशेटजी जीजीभाईंनी चीनच्या पाच सफरी केल्या. इथून कापूस आणि अफू जाई. तिथून रेशीम, चहा, चिनी मातीची भांडी आणि कोरीव सामान येई. या सामानाच्या सौंदर्याविषयी लिहिताना त्यामागची अफू वगळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईतच कोरीव शिसवी फर्निचर बनू लागले. घाट विलायती, नक्षी देशी. आपली शिसव आणि चीनमधले बरेचसे ‘होंगमू’ लाकूड एकाच डाल्बर्जिया वंशातले. काळे पॉलिश चढले की सगळे ‘चिनी’. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह १९२१ आणि १९३३ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाकडे आले, त्यामुळे चिनी कला मराठी माणसाला घराजवळ पाहता आली. पण आपण लिहितो ते कपाटातल्या भांड्यांवर. कपाटावर क्वचितच.

जगात लिहिले गेले, त्यातही एक कल आहे. गुस्ताव एके यांचे १९४४चे आणि वांग शिश्यांग यांचे १९८५चे पुस्तक यांनी मिंग काळातल्या साध्या, रेखीव फर्निचरला प्रतिष्ठा दिली. ती योग्यच. पण त्या छायेत कोरीव काम म्हणजे निर्यातीचा भडकपणा, असा समज रुजला. मला तो मान्य नाही. दोष कोरण्यात नसतो. नक्षी सांध्याला पोखरते की सांधा राखून फळीवर खेळते, हे पाहावे. चौकटीची रेषा नक्षीतूनही दिसत राहिली, तर काम चांगले.

या कसोटीवर आमचे कपाट तपासले. खालच्या दारांची नक्षी संयमी, माथा मात्र गच्च भरलेला. मग भिंतीपासून ओढून पाठ पाहिली. फळ्या सागवानी निघाल्या. दक्षिण चीनच्या कामात अशा आतल्या फळ्या बहुधा कापराच्या लाकडाच्या असतात. वेलीत मोर. आणि लहानपणापासून ज्याला आम्ही ड्रॅगन समजत होतो, त्याला शिंगे नाहीत, वर वळलेली सोंड आहे. तो मकर आहे, देवळाच्या तोरणावरचा. यातला एकेक पुरावा एकटा अपुरा. तिन्ही मिळून बोट मुंबईकडे दाखवतात.

मी लिहून दिले : “शिसवी. बहुधा मुंबईत घडलेले. माथ्यावर मकर.” व्यापारी पुन्हा आला नाही. भावाने दोन महिने अबोला धरला. ‘चिनी’ म्हटल्याने त्या मुंबईकर कारागिराचे नाव नव्हे, गावसुद्धा पुसले जात होते. हे त्याला समजावताना मला शब्द कमी पडले. म्हणून हा लेख.

कपाट अजून पाठ बाहेर काढूनच उभे आहे. भाऊ दिवाळीला येईल, तेव्हा त्याला आधी मकर दाखवणार आहे.